रील करू का? – अकाउंट्सवाल्याच्या प्रश्नाला जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कारेलीबागेत दोन वर्षांपूर्वी स्वतःचं ऑफिस थाटलंत. अकाउंट्स, जीएसटी, रिटर्न अशी कामं करता, साठेक क्लायंट आहेत. बरोबरीची मंडळी इन्स्टाग्रामवर रील टाकतात आणि त्यांचे फॉलोअर्स हजारांत मोजतात. एक एजन्सी दरमहा बारा हजारांत 'सगळं आम्ही सांभाळतो' म्हणते आहे. तर सुरू करावं का, कुठे करावं, की वेळ फुकट जाईल?

मी बडोद्यातच, दांडिया बाजारात, तेवीस वर्षं सीए म्हणून प्रॅक्टिस करते आहे. पहिली दहा वर्षं फेसबुक म्हणजे सुनांचे फोटो बघायची जागा, एवढीच माझी समजूत होती. पुढे हळूहळू वापरायला लागले, चुका केल्या, एक चूक तर महागात पडली. ती पुढे सांगते.

तुम्ही विचारलंय की पोस्ट कुठे टाकू. मला वाटतं तुमचं खरं दुखणं निराळं आहे: नवं काम कसं येईल? तर आपल्याकडे काम अजूनही तोंडी येतं. मकरपुऱ्यातल्या एकाने दुसऱ्याला सांगितलं, मामाने भाच्याला पाठवलं, बँकेच्या मॅनेजरने नाव सुचवलं. माझ्याकडे गेल्या पाच वर्षांत आलेला जवळजवळ प्रत्येक क्लायंट असाच आला. सोशल मीडिया या सांगण्याची जागा घेत नाही. नाव ऐकलं आणि फोन केला, यांच्या मधल्या वेळात मात्र ते कामाला येतं. नाव कळलेला माणूस रात्री जेवून आडवा पडतो आणि मोबाईलवर तुम्हाला शोधतो. तिथे त्याला दिवाळीच्या शुभेच्छांची सोनेरी चौकट दिसते, की त्याच्या मनातल्या प्रश्नाचं चार ओळींत उत्तर दिसतं, एवढाच फरक. पहिल्यांदा ऑफिसात आलेला माणूस खुर्चीवर बसता बसता "बेन, तमारुं वांच्युं हतुं" (ताई, तुमचं वाचलं होतं) म्हणाला, की फीबद्दलची घासाघीस अर्धी संपलेली असते.

तुम्ही सीए आहात की नाही, हे मात्र लिहिलेलं नाही, आणि अर्धं उत्तर त्यावरच अवलंबून आहे. असाल, तर १९४९चा चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा तुमच्या मोबाईललाही लागू आहे. त्याच्या पहिल्या परिशिष्टात, पहिल्याच भागात, सहावं आणि सातवं कलम बघा. सहावं म्हणतं, जाहिरात, पत्रक किंवा दुसऱ्या कुठल्याही मार्गाने काम मागायला जायचं नाही. सातवं म्हणतं, आपल्या सेवांची जाहिरात करायची नाही. जुलै २०२० पासून लागू झालेल्या आचारसंहितेत शिकवणाऱ्या व्हिडिओंना परवानगी होती, पण त्यात फर्मचं नाव, फोन नंबर, वेबसाइट काहीच नको, अशी अट होती. 'सर्वोत्तम टॅक्स कन्सल्टंट, आजच फोन करा' हा प्रकार तर सरळ शिस्तभंगाच्या चौकशीत नेणारा. सीएंची संस्था, म्हणजे आयसीएआय, या नियमांकडे पुन्हा पुन्हा बघत असते आणि ते बदलत असतात. त्यामुळे माझ्या या परिच्छेदावर विसंबू नका. पोस्ट टाकायच्या आधी संस्थेच्या साइटवरचा त्या दिवशीचा मजकूर वाचा आणि शंका असेल तर शाखेत विचारा.

सीए नसाल, जीएसटी प्रॅक्टिशनर किंवा अकाउंटंट म्हणून काम करत असाल, तर ही बंधनं तुम्हाला नाहीत. जाहिरात करता येईल, फोन नंबर टाकता येईल. पण स्वतःच्या नावापुढे काय लिहिता त्याकडे लक्ष द्या. स्वतः सीए नसताना, सीएच्या ऑफिसात सहा वर्षं काढली म्हणून 'ऑडिट करून मिळेल' असं लिहिणारी पाटी मी रावपुऱ्यात पाहिली आहे. ऑनलाइन ते लिहिलंत तर स्क्रीनशॉट निघायला दोन मिनिटं पुरतात.

आता कुठे लिहायचं. बडोद्यात धंदेवाला माणूस इन्स्टाग्रामवर करमणूक करतो आणि काम व्हॉट्सअ‍ॅपवर करतो. म्हणून माझं पहिलं माध्यम व्हॉट्सअ‍ॅप. त्यातही ग्रुप नाही, ब्रॉडकास्ट लिस्ट. सुरुवातीला मीही हौसेने क्लायंटांचा ग्रुप काढला होता. दुसऱ्याच दिवशी एका ट्रान्सपोर्टवाल्याने दुसऱ्याला खासगीत विचारलं, 'तुमचंही इथेच का? किती घेतात?' ग्रुप म्हणजे आपण आपल्या हाताने क्लायंटांची यादी आणि त्यांचे नंबर एकमेकांपुढे ठेवणं. ब्रॉडकास्टमध्ये कोणाला कोणी दिसत नाही. एका यादीत २५६ जण बसतात, तुम्हाला ती पुरून उरेल. अट एकच, समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा, नाहीतर मेसेज पोचतच नाही. म्हणून नवा क्लायंट समोर बसलेला असतानाच मी त्याला नंबर सेव्ह करायला लावते. जे क्लायंट नाहीत त्यांना या यादीत घालू नका. सीएसाठी तो नियमाचा प्रश्न आहे, बाकीच्यांसाठी सभ्यतेचा.

आणि लिहायचं काय? माझ्या टेबलावर एक लाल वही असते. फोनवर कोणी काही विचारलं की प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून ठेवते. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की त्याचा मेसेज होतो. मी स्वतः विषय शोधत बसत नाही. शोधले की आपण कलमं लिहायला लागतो, आणि कलमं कोणी वाचत नाही.

एक उदाहरण देते. २०२४च्या फेब्रुवारीत बाजारात एकच घबराट होती: छोट्या कारखान्यांचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर तो खर्च उत्पन्नातून वजा करायला नामंजूर. जुन्या आयकर कायद्यातलं कलम ४३बी(एच), त्या आर्थिक वर्षापासून पहिल्यांदाच लागू. मी मोठ्या अभिमानाने मेसेज लिहिला: 'सूक्ष्म व लघु उद्योगांना एमएसएमईडी कायदा, २००६च्या कलम १५ अन्वये विहित मुदतीत रक्कम अदा न केल्यास सदर खर्चाची वजावट...' पाठवला. उत्तरादाखल नमस्काराचे दोन हात आले आणि एकाने 'गुड मॉर्निंग' म्हटलं.

संध्याकाळी वही उघडली. लोकांनी विचारलेलं होतं ते असं: 'कोणाचं बिल यात येतं?', 'दुकानदाराचं पण येतं का?', '३१ मार्चला चुकतं केलं तर चालेल ना?' मग पुन्हा लिहिलं, गुजरातीत आणि मराठीत:

'ज्यांच्याकडून माल किंवा काम घेता त्यांचं उद्यम सर्टिफिकेट मागवा. त्यावर मायक्रो किंवा स्मॉल असेल, आणि ते कारखाना किंवा सर्व्हिसवाले असतील, तर त्यांची बिलं वेगळी काढा. मीडियम असेल तर हा नियम नाही. नुसता ट्रेडर असेल तरी नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५. मुदत टळली तरी ३१ मार्चच्या आत पैसे दिलेत तर खर्च याच वर्षी मिळेल. मुदत टळली आणि ३१ मार्चलाही बाकीच असेल, तर ज्या वर्षी द्याल त्या वर्षी मिळेल. भागीदारी फर्मचं असं पाच लाखांचं बिल राहिलं तर यंदा दीड लाखाच्या वर टॅक्स जास्त.'

अर्ध्या तासात अकरा फोन. त्यातले चौघं म्हणाले, 'यादी पाठवतो, बघून द्या.' पहिला मेसेजही कायद्याने बरोबरच होता. पण त्यात वाचणाऱ्याने उद्या सकाळी ऑफिसात जाऊन काय करायचं, ते नव्हतं. दुसऱ्यात पहिलंच वाक्य कामाचं होतं. शेवटचं वाक्य पैशाचं होतं, तेही मुद्दाम.

हाच मेसेज मी फेसबुकवरही टाकला, फक्त वर तारीख आणि 'आर्थिक वर्ष २०२३-२४साठी' अशी ओळ घालून. ही ओळ कधी विसरू नका. करातली पोस्ट दुधासारखी असते, नासल्यावरही पांढरीच दिसते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या कायद्याच्या जागी २०२५चा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, 'कर निर्धारण वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं. तारीख नसलेल्या जुन्या पोस्ट अजून फिरताहेत आणि लोक त्या घेऊन भांडायला येतात. मी वर्षातून एकदा, एप्रिलच्या पहिल्या रविवारी, जुन्या पोस्ट चाळते. ज्या लागू नाहीत त्या काढून टाकते.

आता ती महागात पडलेली चूक. २०२२च्या डिसेंबरात मी फेसबुकवर एक किस्सा लिहिला. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला एक कारखानदार, धंदा दोन मुलांच्या हातात दिलेला. मुलांनी जीएसटीची रिटर्न भरलीच नाहीत आणि वडिलांना सांगितलंही नाही. माल गाडीत भरला, रिटर्न बाकी म्हणून वाहतुकीला लागणारं ई-वे बिल निघेना, तेव्हा म्हाताऱ्याला कळलं. मी नाव दिलं नव्हतं. पण 'व्हॉल्व बनवतात' असं लिहिलं होतं आणि 'दोन मुलं'ही. किस्सा छान रंगला होता, कॉमेंट धडाधड आल्या.

चौथ्या दिवशी ते स्वतः ऑफिसात आले. बसले नाहीत. मोबाईल माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "बेन, आ तो मारी ज वात छे ने?" (ही तर माझीच गोष्ट ना?) आवाज चढवला नाही. मी माफी मागितली, पोस्ट काढली. त्यांनी चहा घेतला, मुलाच्या मुलीच्या बारशाचं आमंत्रणही दिलं. एप्रिलमध्ये त्यांचा माणूस येऊन सोळा वर्षांच्या फाइली घेऊन गेला. जीआयडीसीत व्हॉल्व बनवणारे आणि दोन मुलांना धंद्यात घातलेले असे कितीसे असणार? नाव झाकलं म्हणजे माणूस झाकला जात नाही. तेव्हापासून क्लायंटच्या कपाटातला किस्सा मी लिहीत नाही, अगदी धंदा, गाव, आकडा बदलूनसुद्धा. सीएंसाठी तर क्लायंटची माहिती संमतीशिवाय बाहेर देणं हे कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात गैरवर्तन म्हणून लिहिलेलंच आहे. शिकवायचं असेल तर बनवलेलं उदाहरण घ्या आणि ते बनवलेलं आहे असं स्पष्ट म्हणा.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे स्क्रीनशॉट. 'माझ्या क्लायंटला एवढा रिफंड मिळाला' म्हणून पोर्टलचा फोटो टाकतात आणि कोपऱ्यात पॅन नंबर चमकत असतो. आकडा झाकला तरी टाकू नका. मोठ्या रिफंडची बढाई बघून येणारा क्लायंट तशाच रिफंडच्या आशेने येतो. मग त्याला भाड्याच्या खोट्या पावत्या आणि राजकीय देणग्यांच्या खोट्या वजावटी हव्या असतात. असल्या वजावटी लावून देणाऱ्यांवर आयकर खात्याने जुलै २०२५ मध्ये देशभर छापे घातले, ते आठवत असेल.

सोशल मीडियाचा एक उपयोग मात्र कोणी सांगत नाही: चुकीची बातमी थांबवणं. २०२५च्या सप्टेंबरातले मुदतीचे शेवटचे दिवस आठवा. रिटर्नची मुदत आधीच ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढवलेली. आणि ती ३० सप्टेंबरपर्यंत वाढल्याचं एक पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागलं, हुबेहूब खऱ्यासारखं. माझ्याकडे पंचवीस-तीस ठिकाणांहून आलं, त्यातली तीन तर जाणत्या सीएंकडून. मी आयकर खात्याचं अधिकृत हँडल पाहिलं, तिथे ते खोटं असल्याचं लिहिलं होतं. लगेच यादीवर दोन ओळी टाकल्या: 'मुदतवाढीचं पत्र खोटं आहे. ज्यांचे कागद बाकी आहेत त्यांनी आत्ता पाठवा, मी ऑफिसात आहे.' पुढे १५ तारखेच्या मध्यरात्रीच्या सुमारास खरीखुरी मुदतवाढ आली, पण एकाच दिवसाची. त्या दोन ओळींना एकही लाइक नाही, कारण ब्रॉडकास्टला लाइक नसतंच. पण 'बेनचा मेसेज आला म्हणजे नक्की' हे वाक्य मी त्यानंतर बऱ्याचदा ऐकलं आहे. तुमच्या यादीवर एकही न तपासलेला फॉरवर्ड जाता कामा नये, सगळ्यात आधी पाठवायची कितीही घाई असली तरी. मूळ परिपत्रक डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोट हलवायचं नाही.

फेसबुक आणि लिंक्डइन यांचं काम जरा वेगळं. बडोद्यात घरटी एक जण अमेरिका-कॅनडात असतो. आई-वडिलांनंतर इथला फ्लॅट विकायचा असतो आणि घेणारा सवयीने एक टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापून मोकळा होतो. विकणारा अनिवासी असेल तर हा एक टक्का लागू होत नाही, बरंच जास्त कापावं लागतं. कमी कापायचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळतं, पण त्यासाठी सौद्याच्या आधी अर्ज करावा लागतो, नंतर नाही. मी हे इंग्रजीत आणि मराठीत लिहून ठेवलं आहे. त्या पोस्टला चाळीससुद्धा लाइक नाहीत. पण ती शोधून वाचणारा माणूस न्यू जर्सीत रात्री जागा असतो, त्याचा प्रश्न खरा असतो आणि त्याला फीपेक्षा काम नीट होण्याची काळजी जास्त असते. म्हणून असा एखादा कोपरा निवडा, जिथे तुमचं रोजचं काम आहे आणि लिहिणारे थोडे आहेत. 'जीएसटी म्हणजे काय' यावर हजारो व्हिडिओ आहेत, त्यात तुमचा हजार-एकावा कशाला?

भाषेचं म्हणाल तर, वाचणाऱ्याची असेल ती. मकरपुऱ्याला गुजराती, दांडिया बाजारातल्या पेन्शनर काकांना मराठी, परदेशातल्या मुलांना इंग्रजी. इनपुट क्रेडिट, रिटर्न, टीडीएस हे शब्द तसेच ठेवा. 'निविष्टी कर प्रत्यय' लिहिलंत तर पुन्हा नमस्काराचे हात येतील.

रीलबद्दल माझं मत जरा जुनाट असू शकेल, म्हणून जपून सांगते. कॅमेऱ्यासमोर तुम्ही सहज बोलत असाल, तर करा. माझ्याकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, केलेली एक मुलगी आता एक मिनिटाचे फार सुरेख व्हिडिओ करते. एका व्हिडिओत एकच गोष्ट, हातात खरा फॉर्म, मागे गाणं नाही. पण तिचा 'बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, हे अर्धंच खरं' हा व्हिडिओ चालला तो तिच्या अभिनयामुळे नाही. शेअर्सच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ती सूट मिळत नाही, हे लोकांना कोणी सरळ सांगितलं नव्हतं, म्हणून चालला. सहज बोलता येत नसेल तर लिहा. लिहिणंही येत नसेल, तर यादीवर महिन्याच्या तारखा वेळेवर टाका: ७ तारीख टीडीएस, ११ला जीएसटीआर-१, २०ला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची रिटर्न. तिमाही भरणाऱ्यांची यादी वेगळी करा, नाहीतर त्यांची उगाच धावपळ होते. एवढंच वर्षभर न चुकता केलंत तरी तुम्ही बऱ्याच जणांच्या पुढे असाल.

वेळ? मी रविवारी सकाळी पाऊण तास देते. ऑगस्ट-सप्टेंबरात तोही नाही, तेव्हा फक्त तारखा. ऑडिटची मुदत आणि नवरात्र एकत्र आलं की बडोद्यात कोणी काही वाचत नाही. सगळे गरब्याला गेलेले असतात, आणि आपण ऑफिसात.

अनोळखी माणूस कॉमेंटमध्ये विचारतो, 'माझं इतकं उत्पन्न आहे, टॅक्स किती?' आकडा सांगू नका. त्याची अर्धी माहिती तुमच्याकडे नसते आणि उद्या तो तुमचंच उत्तर दाखवेल. नियम सांगा, कुठले कागद बघावे लागतील ते सांगा, आणि थांबा. शेअर कुठला घ्यावा या वाटेला तर जाऊच नका. त्यासाठी सेबीची नोंदणी लागते.

राहिली ती एजन्सी. सीए असाल तर तिची पोस्ट हीसुद्धा तुमचीच पोस्ट, नियम मोडला तर 'एजन्सीने टाकलं' हे उत्तर चालत नाही. सीए नसाल तरी मी सध्या नको म्हणेन. एजन्सीकडे तुमची लाल वही नाही. ती पंधरा ऑगस्टचा तिरंगा, डॉक्टर्स डेची शुभेच्छा आणि इंटरनेटवरून उचललेल्या 'टॅक्स टिप्स' टाकत राहील, वर तुमचा फोटो लावून. त्यातली एखादी टिप जुन्या कायद्याची निघाली तर फोन तुम्हालाच येणार. ते बारा हजार एखाद्या हुशार बी.कॉम. मुलाला द्या, सकाळचे फोन घ्यायला. प्रश्न वहीत कसे उतरवायचे ते त्याला पहिल्या आठवड्यातच शिकवा, आणि सांगा की विचारणाऱ्याचे शब्द सुधारायचे नाहीत.